हरितगृहासाठी टोमॅटोचा वाण निवडताना : रान गावचं, गिऱ्हाईक कांदिवलीचं



ऊस लावायचा म्हटला की बेणं कोणतं घ्यावं हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. को ७४० चे दिवस ज्यांनी पाहिले ते आजही त्याच्या गुळाची आठवण काढतात. को ८६०३२ कुठं चालतो आणि चोपण रानात फुले २६५ का लावायचा, हे बांधावर उभं राहून आपण सांगतो. पण हाच सभासद दहा गुंठ्यांचं हरितगृह उभं करतो, त्यासाठी कर्ज काढतो, आणि टोमॅटोचं बी मात्र दुकानदार देईल ते पाकीट घेऊन घरी येतो. लोखंड, कागद, ठिबक यांची चार ठिकाणी दरपत्रकं घ्यायची आणि ज्याच्या जिवावर हे सगळं फेडायचं त्या वाणाची चौकशी करायची नाही, हा उलटा व्यवहार झाला. म्हणून या अंकात टोमॅटोच्या वाणनिवडीचा विचार जरा सविस्तर करायचं आम्ही ठरवलं आहे.

हा विचार करताना एक गाव आम्ही मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवलं आहे. ते म्हणजे मुंबईचं उपनगर कांदिवली. आपल्या भागाचा कांदिवलीशी संबंध जुना आहे. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९६३ साली स्थापन झाली आणि कांदिवलीत तयार झालेले ट्रॅक्टर उसाच्या रानात आले. पुढं १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्यानं चारकोपला म्हाडाच्या वसाहती उठल्या, तिथं गावाकडची अनेक कुटुंबं स्थिरावली. आज कित्येक सभासदांची मुलं, भाचे, पुतणे तिकडं आहेत. त्यामुळं प्रश्न दोन्हीकडून येतात. गावचा सभासद विचारतो, 'मुंबईला थेट माल द्यायचा तर कोणता वाण लावू?' कांदिवलीचा पुतण्या विचारतो, 'काका, गच्चीवर जाळी मारून टोमॅटो लावले, फुलं येतात पण फळ धरत नाही, काय करू?' दोघांच्याही प्रश्नाचं मूळ वाणनिवडीतच आहे.

आधी हिशेब, मग हौस

साध्या, नैसर्गिक वायुवीजनाच्या हरितगृहाला चौरस मीटरला हजार रुपयांच्या आसपास खर्च धरला, तर दहा गुंठ्याला म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटरला दहा लाख होतात. मंजूर खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदानाची योजना आहे, पण तिच्या अटी आणि मर्यादा बदलत असतात. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून लेखी माहिती घेतल्याशिवाय पाया खणू नये.

आता उत्पन्न बघा. चौरस मीटरला अडीच रोपं धरली तर दहा गुंठ्यात अडीच हजार रोपं बसतात. झाडाला चार किलो माल धरला तर दहा टन टोमॅटो झाला. किलोला दहा रुपये मिळाले तर एक लाख आणि पंचवीस मिळाले तर अडीच लाख. यातून बी, खत, औषध, सुतळी, मजुरी, वाहतूक आणि कर्जाचा हप्ता वजा करा. साधा टोमॅटो साध्या हंगामात साध्या बाजारात पाठवला तर हरितगृह फिटत नाही, ही गोष्ट स्पष्ट आहे. उघड्या रानात तार-काठीवर बांधलेला टोमॅटो हरितगृहाच्या मानानं फार मागं नाही, आणि त्याचा भांडवली खर्च किरकोळ असतो.

भावाचा लहरीपणा तर आपण २०२३ साली पाहिलाच. मे महिन्यात भाव मिळेना म्हणून शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला आणि जुलैत तोच टोमॅटो मुंबईत किलोला शंभराच्या वर गेला. झाडाचा माल मेमध्ये संपला की जुलैत चालू झाला, एवढ्यावर कोणाचं घर तरलं आणि कोणाचं बसलं. हरितगृहाचा खरा उपयोग इथं आहे. ज्या वेळी उघड्या रानातला माल कमी असतो किंवा खराब असतो, त्या वेळी चांगला माल काढणं. आणि ते जमेल की नाही हे निम्म्याहून अधिक वाणावर ठरतं.

झाडाची ठेवण

टोमॅटोचे ढोबळ दोन प्रकार. एक झुडपी, म्हणजे मर्यादित वाढीचा. शेंड्याला फुलांचा घोस आला की त्याची वाढ थांबते, माल थोड्या दिवसांत एकदम येतो. दुसरा अमर्यादित वाढीचा. त्याचा शेंडा चालूच राहतो, सुतळीवर चढवत न्यायचा, बगलफुटी काढत राहायच्या, आणि तो घोसामागून घोस देत जातो. या दोहोंच्या मधले अर्धमर्यादित वाणही असतात.

हरितगृहाला उंची असते आणि त्या उंचीचेच आपण पैसे मोजलेले असतात. तिथं झुडपी वाण लावणं म्हणजे दुमजली घर बांधून खालच्या पडवीत राहण्यासारखं आहे. हरितगृहासाठी वाण अमर्यादित वाढीचाच घ्यावा. साधं शेडनेट असेल, छत बुटकं असेल, तर अर्धमर्यादित चालेल. पाकिटावर हे लिहिलेलं असतं. नसेल तर विक्रेत्याला विचारावं, आणि त्यालाही सांगता येत नसेल तर ते पाकीट घेऊ नये.

जुन्या सभासदांना पुसा रुबी आठवत असेल. १९७३ साली बंगळूरच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्सनं 'कर्नाटक' हा संकरित टोमॅटो आणला आणि पुढं वैशाली, रूपाली ही नावं आपल्याकडं घरोघरी झाली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री, फुले राजा हेही परिचयाचे आहेत. ही सगळी नावं प्रामुख्यानं उघड्या रानाची. बंदिस्त शेतीसाठी वेगळे वाण निघाले आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा रक्षित आणि पुसा चेरी टोमॅटो-१, तसंच पंतनगर विद्यापीठाचे पॉलिहाऊससाठीचे वाण ही त्याची उदाहरणं. खाजगी कंपन्यांचे हिमसोना, हिमशिखर, एनएस ४२६६ असे अमर्यादित वाढीचे संकरित वाणही हरितगृहवाले लावतात. नाव ऐकून लगेच बी मागवावं असा याचा अर्थ नाही. आपल्या हवेत आणि आपल्या बाजारात तो कसा वागतो हे पाहिल्यावरच ठरवायचं.

फळ धरतं रात्रीच्या हवेवर

टोमॅटोचं फूल उन्हाला भितं तसं उबदार रात्रीलाही भितं. दिवसा ३२ ते ३५ अंशांच्या वर आणि रात्री २२ ते २४ च्या वर पारा राहिला की पराग कमजोर होतो, फूल गळतं. रात्र १५ ते २० अंशांची असली की घोस भरतात. रंगाचंही तसंच. फार उष्णतेत लाल रंगाचं द्रव्य नीट तयार होत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहतं आणि अडत्या ते 'कच्चं' म्हणून बाजूला सारतो.

आता कांदिवलीची हवा बघा. जानेवारीत रात्रीचा पारा साधारण १७ पर्यंत उतरतो, पण मे महिन्यात रात्रीसुद्धा २७ च्या आसपास. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि हवेत ओलावा. तिथल्या गच्चीवर मार्च-एप्रिलमध्ये मोठ्या फळाचा वाण लावला तर फुलं येणार आणि गळणार, त्यात पुतण्याच्या हाताचा दोष नाही. त्यानं रोपं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लावावीत, म्हणजे फुलोरा थंडीत येतो. वाण चेरीचा घ्यावा. लहान फळाची चेरी जातीची झाडं उष्णतेत मोठ्या फळाच्या झाडांपेक्षा बरी टिकतात. प्लास्टिकचा बंद कागद तिथं नकोच. वर पावसाचं छत आणि चारी बाजू मोकळ्या, एवढं पुरे. आणि छत पावसाळ्याआधी उतरवता येईल असं असावं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळानं मुंबईला कसं झोडपलं ते सर्वांना माहीत आहे. गच्चीवर वजन टाकण्याआधी सोसायटीची परवानगी आणि इमारतीच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा, हे सांगायला नको.

घाटावरच्या आपल्या रानात रात्री कांदिवलीपेक्षा थंड, ही आपली जमेची बाजू. पण कागदाखाली दिवसाची उष्णता बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी जास्तच राहते. जुलै-ऑगस्टचा भाव पकडायचा म्हणून मार्च-एप्रिलमध्ये लावण केली तर फुलोरा नेमका ऐन उन्हाळ्यात येतो. अशा लावणीसाठी उष्णतेत फळ धरणारा वाणच हवा. शिवाय वर शेडनेट आणि बाजूचे पडदे उघडे ठेवायची सवय हवी. तसा वाण मिळत नसेल तर ती लावण करू नये. जून-जुलैत लावून पावसात झाड कोरडं राखावं आणि हिवाळ्यात माल काढावा, हा जास्त भरवशाचा मार्ग आहे.

आणखी एक गोष्ट. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, पण त्याला हलवणारं कोणीतरी लागतं. उघड्या रानात ते काम वारा आणि रानमाश्या करतात. बंद हरितगृहात वारा नाही. युरोपात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यासाठी भुंग्यासारख्या बंबल माश्यांच्या पेट्या ठेवतात. आपण रोज सकाळी दव उतरल्यावर तारेला हलके टोले द्यावेत किंवा घोस कंपकानं हलवावेत. काम पाच मिनिटांचं आहे, पण ते चुकलं की वाणाला नावं ठेवली जातात.

पाकिटावरची बाराखडी

चांगल्या बियाण्याच्या पाकिटावर काही इंग्रजी अक्षरं असतात. ती कोणत्या रोगाला वाण दाद देत नाही ते सांगतात. 'व्ही' आणि 'एफ' म्हणजे मर रोगाच्या दोन बुरशा, 'एन' म्हणजे सूत्रकृमी, 'टीओएमव्ही' म्हणजे मोझॅक विषाणू, 'टीवायएलसीव्ही' म्हणजे पांढऱ्या माशीनं पसरणारा पानं गुंडाळणारा विषाणू. 'एचआर' म्हणजे जोरदार प्रतिकार आणि 'आयआर' म्हणजे मध्यम. मध्यम लिहिलेलं असताना रोग आला तर ती फसवणूक नव्हे.

पण ही अक्षरं म्हणजे ताईत नाहीत. सूत्रकृमीविरुद्धचा जो गुण टोमॅटोत घातलेला असतो तो जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ढिला पडतो. आपल्या उन्हाळ्यात हरितगृहातली माती तेवढी सहज तापते. म्हणून 'एन' लिहिलेला वाण घेतला तरी निंबोळी पेंड, मोकळ्या काळात माती उन्हात तापवणं आणि झेंडूचं फेरपालट सोडू नये.

पानं गुंडाळणारा विषाणू आपल्याकडं नेहमीचाच. याबरोबर नवी संकटंही येतात. २०१४ साली टुटा ही नागअळी पुणे भागात पहिल्यांदा नोंदली गेली. २०२० च्या मे महिन्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात फळावर पिवळे-हिरवे डाग पडून माल वाया गेला, लोकांनी त्याला 'तिरंगा' म्हटलं. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा त्यात प्रामुख्यानं काकडीवर्गाचा मोझॅक विषाणू सापडला. तो मावा पसरवतो. पाकिटावर त्याचं अक्षर नसेल तर वाण आपल्याला वाचवणार नाही. तिथं बारीक जाळी, दुहेरी दार आणि स्वच्छ रोपवाटिका हेच औषध. मात्र जाळी जितकी बारीक तितकी हवा कमी खेळते आणि उष्णता वाढते, हेही ध्यानात ठेवावं. म्हणजे पुन्हा उष्णता सोसणारा वाण हवा.

कोकणपट्टीत, आणि कांदिवलीही त्यातच आली, ओल्या उबदार मातीत जिवाणूजन्य मर फार. हिरवंगार झाड दोन दिवसांत माना टाकतं. त्यासाठी बंगळूरच्या संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण कामाचा आहे. पानं गुंडाळणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो दाद देत नाही. फळ ९० ते १०० ग्रॅमचं, घट्ट. केरळ विद्यापीठाचे शक्ती, मुक्ती, अनघा हेही मरीला टिकणारे. नाहीतर रानवांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम केलेली रोपं मिळतात, ती लावावीत. गच्चीवरच्या पिशवीत बागेतली माती न भरता कोकोपीट आणि गांडूळखत भरावं, म्हणजे मर आत येत नाही.

गिऱ्हाईक काय बघतं?

वाण आपल्या आवडीनं नव्हे, खाणाऱ्याच्या आवडीनं निवडावा. कांदिवलीत एकाच गल्लीत तीन प्रकारची गिऱ्हाइकं भेटतात. सार, कोशिंबीर करणाऱ्या मराठी घराला आणि शेव-टमाटरची भाजी करणाऱ्या गुजराती घराला रसाळ, आंबूस, पातळ सालीचा टोमॅटो लागतो. सँडविचवाल्याला कापल्यावर चकती न सांडणारं गोल, घट्ट फळ हवं. आणि मुलांच्या डब्यासाठी, सॅलडसाठी चेरी घेणारा वर्ग आता वाढता आहे. घट्ट, लांबट फळाचा वाण पल्ल्याच्या प्रवासाला उत्तम, पण सार करणारी बाई एकदा नेते आणि पुन्हा मागत नाही.

पूर्वी माल बाजार समितीतूनच जायचा, तेव्हा टिकाऊपणा हाच एक गुण पाहिला जाई. २०१६ साली राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. आता शेतकऱ्यांचा गट थेट सोसायटीच्या दारात माल देऊ शकतो. रात्री तोडलेला, झाडावर पिकलेला टोमॅटो सकाळी कांदिवलीत पोचत असेल तर चवीचा वाण लावता येतो. वाशीला अडत्याकडं जायचा असेल तर फळाला लाली फुटताच तोडावं लागतं, आणि मग साल जाड असलेलाच वाण हवा. म्हणजे आधी गाडी कुठं जाणार ते ठरवा, मग बी घ्या.

एकट्यादुकट्याच्या दहा गुंठ्यांतून आठवड्याची गाडी भरत नाही. पाच-सहा सभासदांनी मिळून, लावणीच्या तारखा पंधरा-पंधरा दिवसांनी पुढंमागं ठेवल्या तर भरते. प्रवरानगरच्या कारखान्यानं १९५०-५१ मध्ये पहिलं गाळप केलं तेव्हाही एकेकट्याच्या उसाला किंमत नव्हती, एकत्र आल्यावर आली. टोमॅटोला दुसरा न्याय कसा असेल?

ऊसवाल्यांसाठी दोन इशारे

पहिला तणनाशकाचा. उसात आपण टू-फोर-डी फवारतो. टोमॅटो या औषधाला अतिशय हळवा आहे. शेजारच्या फडातून वाऱ्यानं आलेला फवारासुद्धा पानं दोरीसारखी वळवतो, आणि आपण तो विषाणू समजून वाणाला दोष देतो. हरितगृहाला उसाचा फवारा-पंप कधीही वापरू नये, आणि शेजाऱ्याशी बोलून वाऱ्याची दिशा बघूनच फवारणी व्हावी.

दुसरा मळीच्या खताचा. प्रेसमड पूर्ण कुजवूनच वापरावा. अर्धकच्चा टाकला तर बंद घरात उष्णता आणि वायू सुटून कोवळ्या मुळ्या जळतात.

निवडीची रीत

परदेशी पुस्तिकेत चौरस मीटरला साठ-सत्तर किलो उत्पादनाची चित्रं असतात. ते आकडे खोटे नाहीत, पण ते तापवलेल्या, दिवे लावलेल्या काचघरांतले आहेत. आपला आकडा आपल्याच घरात काढायचा. पहिल्या वर्षी सगळ्या घरात एकच वाण लावू नये. मुख्य पीक माहितीतल्या, शेजारच्या तालुक्यात दोन हंगाम पाहिलेल्या वाणाचं ठेवावं. एका वाफ्यात चार-पाच नवे वाण, प्रत्येकी वीस झाडं लावावीत. वहीत एवढंच लिहावं : लावणीची तारीख, पहिला तोडा, घोसात किती फळं धरली, किती तडकली, काढलेलं वजन, आणि आठ दिवस खोलीत ठेवल्यावर किती टिकली. शेवटचा रकाना गिऱ्हाइकाचा : दुसऱ्यांदा कोणतं मागितलं.

संकरित वाणाच्या फळातलं बी काढून पुन्हा लावू नये. पुढच्या पिढीत झाडं सारखी येत नाहीत. बी धरायचंच असेल तर अर्का विकास, पुसा रुबी यांसारखे सुधारित वाण आहेत, ते परसबागेत जरूर लावा. बियाण्याची पावती आणि रिकामं पाकीट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावं. तक्रार करायची वेळ आली तर त्यावरचा लॉट नंबर हाच पुरावा.

हरितगृहाचं प्रशिक्षण घ्यायचं असेल तर तळेगाव दाभाडे येथे पणन मंडळाची सोय आहे. घर उभारायच्या आधी तिथं जाऊन यावं, नंतर नव्हे.

ज्या सभासदांनी यंदा टोमॅटो केला आहे त्यांनी आपला वाण, लावणीचा महिना आणि मिळालेला भाव शेती खात्याकडं जरूर नोंदवावा. नफा झाला असेल तर कळवाच, पण तोटा झाला असेल तर आधी कळवा. एका वहीतला तोटा दहा घरांचं कर्ज वाचवू शकतो.